तिकीट वाटायला आपणच बसलो तर

निवडणूक आली की आमच्या वर्ध्याच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन-तीन दिवस दुसरा विषय नसतो. एबी फॉर्म कुणाला मिळाला, कुणाचा शेवटच्या तासाला कापला, काल संध्याकाळी पक्षप्रवेश करून आज सकाळी उमेदवार कोण झाला. त्या ग्रुपवर माझा एक चुलतभाऊही आहे, आम्हा सगळ्यांचा दादा. सतरंज्या उचलण्यापासून बूथवर दिवसदिवस बसण्यापर्यंत सगळं त्यानं एकाच पक्षासाठी केलं. परवा त्यानं लिहिलं, "तुमच्याकडं बरं हाये बाप्पा. तिकीट लोकंच देतात. इथं मुंबईहून फोन येते, मंग आम्ही कोणासाठी फटाके फोडाचे ते ठरते." त्यावर कुणीतरी 'भारतातही प्रायमरी सक्तीची करा', म्हणजे पक्षाचा उमेदवार आधी लोकांच्या मतानं ठरू द्या, असा लांबलचक फॉरवर्ड टाकला आणि सगळ्यांचा मोर्चा माझ्याकडे वळला. तू तर आयोवात राहतोस, अध्यक्षपदाची निवडणूक तिथूनच सुरू होते, सांग नं कसं असते ते.

ग्रुपवर अंगठ्यानं किती लिहिणार, म्हणून इथं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तिकीट लोकांच्या हातात दिलं की लोक तिकीट वाटणाऱ्यासारखाच विचार करायला लागतात. 'इलेक्टिव्ह मेरिट' म्हणून आपले पुढारी जे काही सांगत असतात, ते सगळं मतदाराच्या डोक्यात शिरतं. आपल्याकडे निष्ठावंताला डावलून पैसेवाल्याला उभं करताना नेता म्हणतो, काय करणार, निवडून येण्याची क्षमता बघावी लागते. अमेरिकेत हेच वाक्य साधा मतदार स्वतःच्या आवडत्या उमेदवाराबद्दल म्हणतो, आणि जड मनानं दुसऱ्याला मत देऊन येतो.

ही पद्धत इथं पहिल्यापासून होती असंही नाही. 1968 मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातली पोरं पोलिसांच्या लाठ्या खात होती आणि आत पुढाऱ्यांचं ठरलेलं होतं. हम्फ्री हरले, निक्सन आले. मग पक्षानं आयोग नेमला, नियम बदलले, आणि 1972 पासून अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी निवडायचं काम खऱ्या अर्थानं लोकांकडे गेलं. नव्या नियमांच्या वेळापत्रकात आयोवाचा कॉकस लवकर आला आणि मक्याच्या शेतांचं हे राज्य एकदम नकाशावर चढलं. 1976 मध्ये जिमी कार्टर इथं घरोघर फिरले आणि 'जिंकले'. अवतरणचिन्हं अशासाठी की त्या रात्री पहिला क्रमांक 'अनकमिटेड'चा होता, म्हणजे अजून कुणाचंच नक्की नाही म्हणणाऱ्यांचा: 37 टक्के. कार्टर 28 टक्क्यांच्या आसपास. आयोवाच्या मतदाराला उमेदवारांबद्दल शंका काही आज यायला लागलेली नाही.

प्रायमरी आणि कॉकस यांतला फरक थोडक्यात असा. प्रायमरी म्हणजे सरकारी यंत्रणेनं घेतलेलं साधं मतदान, न्यू हॅम्पशायरमध्ये होतं तसं. कॉकस म्हणजे पक्षानं भरवलेली सभा. संध्याकाळी सातला दार बंद होतं आणि तेव्हा आत जो असेल त्याचंच मत धरलं जातं. डेमोक्रॅटांच्या कॉकसमध्ये 2020 पर्यंत मत द्यायचं म्हणजे अक्षरशः आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. खोलीतल्या एकूण माणसांपैकी 15 टक्के जमली नाहीत तर तो गट बाद. दोनशे माणसं असतील तर किमान 30 लागतात. बाद झालेल्यांनी दुसऱ्या फेरीत दुसरा कोपरा गाठायचा किंवा घरी जायचं.

3 फेब्रुवारी 2020 ला डेमोक्रॅटांचा कॉकस होता. ती संध्याकाळ मी आयोवाची राजधानी डे मॉइनच्या पश्चिमेकडच्या एका शाळेच्या जिममध्ये काढली. तेव्हा माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं, म्हणजे मत नव्हतं. भिंतीशी मांडलेल्या प्रेक्षकांच्या खुर्च्यांत बसायला मात्र कुणाची ना नव्हती. बास्केटबॉलच्या रिंगखाली बर्नी सँडर्स यांची पोरं, घामेजलेली, घोषणा देणारी. समोरच्या कोपऱ्यात पीट बुटिजज यांचा गट, नीटनेटका, टेबलावर कुकीजची ताटं मांडून. एमी क्लोबुशार यांच्याकडे शेजारच्या मिनेसोटाची ओढ असलेली वयस्क मंडळी. आणि जो बायडेन यांचा कोपरा, जिथं लोक कमी आणि फलक जास्त.

तिथं आमच्या शेजारच्या बाई उभ्या होत्या. निवृत्त शिक्षिका. त्यांच्या अंगणात शरद ऋतूपासून एलिझाबेथ वॉरन यांची पाटी रोवलेली होती, वॉरन यांच्या सभेत रांग लावून त्यांनी सेल्फी काढला होता आणि तो फ्रिजवर चिकटवला होता. मी खुणेनंच विचारलं, इकडे कशा? त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला वॉरनच हव्यात. पण पेनसिल्व्हेनियातले लोक बाईला मत देतील का? 2016 मध्ये हिलरींचं बघितलं ना." पेनसिल्व्हेनिया म्हणजे नोव्हेंबरात कुठल्याही पक्षाकडे झुकू शकणारं राज्य, आमच्या गावापासून हजारएक मैल लांब. तिथल्या कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधून बाई स्वतःच्या मनातलं मत बाजूला ठेवून आल्या होत्या.

पहिली मोजणी झाली. एकेकानं हात वर करून आकडा म्हणायचा, आपल्या शाळेत पी.टी.च्या तासाला व्हायचं तसं. बायडेन यांच्या गटाला पाच-सहा माणसं कमी पडली. गट बाद. लगेच इतर कोपऱ्यांतून कार्यकर्ते धावले. बुटिजज यांच्याकडचा एक कॉलेजकुमार कुकीजचं ताट घेऊनच आला. बाईंनी एक कुकी घेतली, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ चालत वॉरन यांच्या कोपऱ्यात गेल्या. हिशेब फसला म्हणून त्यांना हवं ते मत देता आलं. टाळ्या पडल्या, दोघी-तिघींनी मिठ्या मारल्या. त्या गटात एकीनंही 'आधी तिकडे का गेला होतात' असं विचारलं नाही.

तो निकाल पुढे कसा गाजला ते सगळ्यांना ठाऊक आहे. आकडे कळवायचं ॲप चाललं नाही, फोनच्या रांगा लागल्या, आमच्या जिमचा सभाध्यक्ष कानाला फोन लावून रिकाम्या बाकांवर बसला होता. राज्याचा पूर्ण निकाल यायला दिवस गेले. मतं सँडर्स यांना जास्त, राष्ट्रीय अधिवेशनाचे प्रतिनिधी बुटिजज यांना 14 आणि सँडर्स यांना 12, आणि बायडेन चौथे. आयोवाची अब्रू गेली ती गेलीच. 2024 मध्ये डेमोक्रॅटांनी पहिला मान साउथ कॅरोलिनाला दिला.

पण मला ॲपपेक्षा बाईंचं गणित जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण 2020 ची सगळी प्रायमरी त्याच गणितावर फिरली. आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आलेले बायडेन संपले असंच सगळे धरून चालले होते. 26 फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनाचे खासदार जिम क्लायबर्न यांनी त्यांना पाठिंबा दिला, 29 तारखेला तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना प्रचंड मताधिक्यानं निवडलं, आणि 3 मार्चच्या सुपर ट्यूजडेच्या, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांत होणाऱ्या मतदानाच्या, आधी बुटिजज आणि क्लोबुशार माघार घेऊन मोकळे झाले. दोन-चार दिवसांत लाखो लोकांनी आपली पहिली आवड खिशात घातली. त्या मतदारांशी बोललात तर बायडेन यांच्याबद्दल उत्साह फारसा सापडत नसे. ट्रम्पना कोण हरवेल हा एकच प्रश्न होता, आणि लोक उमेदवाराला तपासत नव्हते, एकमेकांना तपासत होते.

याची उलटी बाजू 2008 ची. तेव्हा मी नवा होतो इथं, सगळं लांबूनच पाहिलं. 2007 च्या शेवटापर्यंत कृष्णवर्णीय मतदारांतही हिलरी क्लिंटन यांचं पारडं जड होतं, कारण गोरे लोक ओबामांना मत देतील यावर बहुतेकांचा विश्वास नव्हता. 3 जानेवारीला जवळजवळ सगळ्या गोऱ्या आयोवानं ओबामांना 38 टक्के देऊन पहिलं आणलं. डेमोक्रॅटांच्या कॉकसला चार वर्षांपूर्वी सव्वा लाखाच्या आसपास लोक आले होते, त्या रात्री 2 लाख 39 हजार आले. त्याच महिन्यात साउथ कॅरोलिनात ओबामांना 55 टक्के मिळाली. शंका विरघळली ती भाषणानं नाही, दुसऱ्या कुणीतरी आधी धाडस केलेलं दिसलं म्हणून. प्रायमरी एकाच दिवशी सगळीकडे घेतली असती तर हे झालंच नसतं. टप्प्याटप्प्यानं मतदान घेण्याचा हा फायदा भारतातल्या त्या फॉरवर्डमध्ये कुणी लिहिलेला नव्हता.

मग दारोदार फिरणं, लोकांना भेटणं, याचं काय? आयोवात एक जुना विनोद आहे: अमुक उमेदवार कसा वाटतो? माहीत नाही, अजून त्याला तीनदाच भेटलोय. ऑगस्टमधल्या राज्याच्या जत्रेत लोण्यातून घडवलेल्या गाईच्या पुतळ्याशेजारून उमेदवार फिरतात, काडीला लावलेली डुकराच्या मांसाची चाप हातात धरून फोटो देतात, गवताच्या गंज्यांवर उभं राहून भाषण करतात आणि लोक आपापल्या पसंतीच्या बरणीत मक्याचा दाणा टाकतात. बाहेरून आलेले तरुण कार्यकर्ते महिनोन् महिने स्थानिकांच्या तळघरातल्या सोफ्यावर झोपतात. हा सगळा उत्साह खरा असतो, मी पाहिलेला आहे. फक्त त्याचा निकालाशी संबंध पूर्वी होता तेवढा उरलेला नाही.

2024 चा रिपब्लिकन कॉकस बघा. भारतीय वंशाचे उद्योजक विवेक रामस्वामी यांनी राज्यातले सगळे 99 जिल्हे, म्हणजे काउंट्या, दोन-दोनदा पालथे घातले. आपल्या देशी मंडळींत त्यांचं फार कौतुक; लोक मुलांना घेऊन सभेला जायचे, फोटो काढायचे, आणि गाडीत परत बसल्यावर म्हणायचे, येणार नाही हो निवडून. डे मॉइनमधल्या सीएनएनच्या कार्यक्रमात एका मतदार बाईंनी त्यांना तोंडावर विचारलं की तुमचा धर्म आमच्या देशाच्या संस्थापकांच्या धर्माशी जुळत नाही असं म्हणणाऱ्यांना तुम्ही काय सांगाल. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं. तो प्रश्न आमच्यातल्या काहींना फार लागला. मला तो विचारला गेला हे बरं वाटलं, कारण मनात ठेवून मत न देण्यापेक्षा विचारलेलं परवडलं. फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनीही 99 जिल्हे पूर्ण केले. ट्रम्प मोजक्या मोठ्या सभा घेऊन गेले. 15 जानेवारीला हाडं गोठवणाऱ्या थंडीत निकाल लागला: ट्रम्प 51 टक्के, 99 पैकी 98 जिल्हे त्यांचे. उरलेला एक, आयोवा विद्यापीठाचा जॉन्सन काउंटी, निकी हेली यांनी एका मतानं घेतला. रामस्वामी पावणेआठ टक्क्यांच्या आसपास थांबले आणि त्याच रात्री ट्रम्प यांच्या मागे उभे राहिले.

आणि आले किती लोक? 1 लाख 10 हजार. नोंदणीकृत रिपब्लिकनांच्या 15 टक्क्यांच्या आसपास. थंडी होती, निकाल आधीच ठरल्यासारखा होता, सगळं खरं. तरी दादाला सांगायला हवं की 'तिकीट लोक देतात' यातले लोक हे एवढेच असतात. रात्रपाळीची नर्स, तान्हं मूल असलेली आई, गोदामात संध्याकाळची शिफ्ट करणारा, यांच्यासाठी सातच्या ठोक्याला शाळेत हजर राहणं सोपं नाही. शिवाय कोपऱ्यात उघड उभं राहायचं! वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात हे करून दाखवा. कोण कुठल्या कोपऱ्यात उभा होता हे रात्रीतून सरपंचापर्यंत पोचेल आणि पुढची पाच वर्षं त्याच्या घरापुढचा रस्ता होणार नाही.

थोड्या मतांत तिकीट मिळतं याचं उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. बेळगावचे श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. स्वतःचे एक कोटी डॉलरच्या वर खर्च केले, टीव्हीवर सगळीकडे तेच. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, ठाणेदार तिसरे आले. 2022 मध्ये ते डेट्रॉइटच्या मतदारसंघातून संसदेसाठी उभे राहिले आणि 28 टक्के मतांवर उमेदवार झाले, कारण उरलेली मतं बाकीच्या गर्दीत वाटली गेली. तो भाग डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला असल्यानं उमेदवारी मिळाली तिथंच खासदारकी मिळाली. आमच्या इकडच्या मराठी मंडळांत पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले होते, आणि ते साहजिकही आहे. पण डेट्रॉइटसारख्या कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या शहराला सुमारे 70 वर्षांत पहिल्यांदाच संसदेत आपला कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, आणि तिथल्या लोकांच्या मनात याबद्दल जे होतं ते आपल्या अभिनंदनाच्या पोस्टमध्ये कुठं दिसलं नाही. मुंबईत एखाद्या वॉर्डात मतविभागणीनं परका उमेदवार आला की आपण काय बोलतो ते आठवून पाहावं.

पैशाचंही सरळ नाही. 2020 मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरलेले अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी शंभर कोटी डॉलरच्या घरात खर्च केला आणि जिंकलं काय, तर पॅसिफिक महासागरातलं अमेरिकन सामोआ. पुढे जाऊ.

2024 मध्ये मी नागरिक झालेलो होतो आणि कॉकसमध्ये उभं राहायची हौस भागवायची होती. तोवर डेमोक्रॅटांचा कोपऱ्यांचा खेळ बंद झाला होता. टपालानं कार्ड आलं, त्यावर बायडेन, डीन फिलिप्स, मॅरियन विल्यमसन आणि 'अनकमिटेड'. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून खूण केली आणि पेटीत टाकलं. जुलैत बायडेन यांनी माघार घेतली आणि काही दिवसांत कमला हॅरिस उमेदवार झाल्या. त्या वर्षी देशभरातल्या प्रायमऱ्यांत बायडेन यांना 1 कोटी 40 लाखांच्या वर मतं पडली होती. हॅरिस यांच्या नावानं प्रायमरीत कुणी मत दिलेलं नव्हतं. 2020 च्या शर्यतीतून तर त्या आयोवाच्याही आधी, डिसेंबर 2019 मध्येच बाहेर पडल्या होत्या. नियमात बसेल असंच सगळं झालं. पण त्या आठवड्यात मला दादाचा 'मुंबईहून फोन येते' फार जवळचा वाटला. हायकमांड इथंही आहे. एरवी ते पडद्याआड असतं एवढंच.

आता आमच्या वर्ध्याकडे येतो, कारण प्रायमरी महाराष्ट्रात कधी झालीच नाही असं ग्रुपवर धरून चालले होते. झाली आहे, आणि ती वर्ध्यातच! 2014 च्या लोकसभेला राहुल गांधी यांच्या आग्रहानं काँग्रेसनं देशातल्या मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग केला. महाराष्ट्रातून वर्धा आणि लातूर. वर्ध्यात सागर मेघे विरुद्ध चारुलता टोकस. एक त्या वेळचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव, दुसऱ्या काँग्रेसच्या ज्येष्ठ नेत्या प्रभा राव यांच्या कन्या. घराणेशाहीला उतारा म्हणून आणलेल्या प्रयोगात दोन्ही बाजूंना घराणीच उभी. मेघे जिंकले, आणि लोकसभेत भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून दोन लाखांहून अधिक मतांनी हरले. त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. टोकस यांना 2019 मध्ये तिकीट मिळालं, या वेळी नेहमीच्या पद्धतीनं, आणि त्याही तडस यांच्याकडूनच हरल्या. लातूरच्या प्रायमरीतून आलेले दत्तात्रय बनसोडेही पडले. वडोदऱ्यात तर प्रायमरी जिंकलेल्या नरेंद्र रावत यांना बाजूला करून मधुसूदन मिस्त्रींना उभं केलं, कारण समोर मोदी आले होते. म्हणजे इलेक्टिव्ह मेरिट पुन्हा वरूनच. प्रयोग पुढे चालला नाही.

मोदी लाटेत प्रायमरीचा उमेदवार काय आणि वरून आलेला काय, दोघेही वाहूनच गेले असते, तेव्हा पराभवाचं खापर मी पद्धतीवर फोडणार नाही. घोळ दुसरीकडे होता. त्या प्रायमरीत मत कुणाला होतं? पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना. पदाधिकारी कुणी नेमले? ज्यांच्या घरात लढत होती त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी. आयोवात मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष लिहायची सोय असते आणि ती नोंद काउंटीच्या सरकारी कचेरीत राहते. कॉकसच्या रात्री दारात पक्ष बदलता येतो. आमच्या शेजारच्या बाईंना डेमोक्रॅटिक पक्षाचा कुठलाही पुढारी त्या यादीतून काढू शकत नाही, मग त्या कुणाच्या कोपऱ्यात का उभ्या राहिनात. न्यू हॅम्पशायरमध्ये तर पक्ष न लिहिलेल्यालाही कुठल्या तरी एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं.

आपल्याकडे साध्या सदस्याचं वजन किती, ते गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी पाहिलं. शिवसेना फुटली तेव्हा दोन्ही बाजूंनी पक्ष आमचाच म्हणून दावे केले, निवडणूक आयोगाकडे प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे गेले. 17 फेब्रुवारी 2023 ला निकाल आला तो आमदार-खासदार कुणाकडे जास्त यावर. पुढल्या वर्षी राष्ट्रवादीचंही तेच. निर्णय कायद्यात बसतो की नाही यावर वकील भांडत राहतील. मला दिसलं ते एवढंच, की पक्ष कुणाचा हा प्रश्न आला तेव्हा सतरंजी उचलणाऱ्याची गणती झाली नाही.

आणि म्हणूनच आपल्याकडे नाराजीला वाटा फार कमी. बंडखोरी करा, म्हणजे सहा वर्षांसाठी निलंबन. घरी बसा. नाहीतर नोटा दाबा. 2019 च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये नोटाला 27 हजारांहून अधिक मतं पडली आणि ती दुसऱ्या क्रमांकावर आली, शिवसेनेच्या उमेदवाराच्याही पुढे. धीरज देशमुख लाखाच्या वर मताधिक्यानं निवडून आले आणि त्या 27 हजारांचं पुढे काही झालं नाही. मिशिगनमध्ये 27 फेब्रुवारी 2024 ला गाझा युद्धावरच्या रागातून एक लाखाहून अधिक डेमोक्रॅटांनी 'अनकमिटेड'ला मत दिलं, 13 टक्के. धोरण त्यानं बदललं असं मी म्हणणार नाही. पण तो राग पक्षाच्या आत, पक्षाच्याच मतपत्रिकेवर, नोव्हेंबरच्या कितीतरी आधी मोजला गेला, त्यातून काही प्रतिनिधी अधिवेशनापर्यंत गेले, आणि त्यांना कुणी गद्दार म्हणून काढून टाकलं नाही. प्रायमरीचा मला दिसलेला खरा उपयोग हा. चांगला उमेदवार मिळेलच याची हमी तिच्यात नाही. आपल्याच उमेदवाराबद्दल जाहीर शंका घेऊन पुन्हा त्याच पक्षात सकाळी चहा प्यायला जाता येतं, ही सोय मात्र आहे.

दादाला मी हे सगळं इतकं लांब नाही लिहिलं. एवढंच विचारलं, प्रायमरी राहू दे, तुझ्या पक्षाच्या सदस्यांच्या यादीत तुझं नाव आहे का?

"असंल नं. मिस कॉल देल्ला होता."

यादी पाहिलीस?

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी व्हॉइस नोट आली. तालुक्याच्या कार्यालयात जाऊन त्यानं खरंच यादी मागितली होती. तिथल्या पोरानं मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि विचारलं, "कायले पायजे?" दादानं सांगितलं, नाव बघाचं हाये. पोरगं म्हणालं, भाऊ आले की विचारून सांगतो. भाऊ मुंबईला गेले होते.